कारखान्याची पहिली पाळी, औषधांच्या गोळ्या आणि शाळेतला संडास: चूर्णाशिवाय पोट साफ राहायला कुठून सुरुवात करावी?

साखळीकर_७

नमस्कार मंडळी. घरात तीन वयांची तीन माणसं, तक्रार एकच, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

पहिला, वय ३९. गोव्यात वेर्ण्याला कारखान्यात पहिली पाळी, ७ ते ३. साखळी गावाहून कंपनीची बस ५.४० ला. ५.१५ ला उठणं, चहा, आंघोळ, पळ. ९ वाजता कँटीनमध्ये दोन पाव आणि पातळभाजी, दुपारी डब्यात शीत (भात), हुमण (मासळीची आमटी), तळलेला बांगडा. ४.३० ला चहा-खारी. रात्री परत शीत. आठवड्यातून दोनदा-तीनदा, तेही कुंथून. शनिवारी रात्री चूर्ण घ्यायचं, रविवारी मोकळं, मग बुधवारपर्यंत सामसूम.

दुसरी, वय ६८. रक्तदाबाची गोळी, शिवाय लोह आणि कॅल्शियम. रोज जाऊन येते, पण साफ झालं असं वाटत नाही. अर्धा अर्धा तास आत.

तिसरा, वय ६. शाळेत शौचाला जात नाही. घरी आल्यावरही पाय आवळून कोपऱ्यात उभा राहतो.

चूर्ण एकदम बंद करायचं का? आणि आधी काय बदलायचं, खाणं, पाणी की आणखी काही?

बोंडला_रोड

सोपं आहे. सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास कोमट पाणी आणि नाश्त्याला नाचणीची तिजण. नाचणीत फायबरच फायबर. पंधरा दिवसांत फरक.

कुळागर

खाण्याकडे नंतर येऊ. ३९ वर्षांच्या माणसाचं घड्याळ आधी बघा. ५.१५ ला उठून ५.४० ची बस, म्हणजे आतड्याला आपलं म्हणणं मांडायला वेळच ठेवलेला नाही.

रात्री मोठं आतडं जवळजवळ झोपलेलं असतं. जाग आल्यावर त्याची हालचाल वाढते आणि पोटात काही पडलं की आणखी वाढते. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला पुढे ढकलण्याची सूचना जाते. ही लाट दिवसातून मोजक्या वेळा येते आणि सकाळची सहसा सगळ्यांत जोरदार. नुसत्या चहाने ती थोडी हलते, चहाबरोबर चार घास असतील तर नीट उठते. लाट आली तेव्हा माणूस बसमध्ये असेल तर काही मिनिटांत ती ओसरते. मळ तिथेच राहतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं. सकाळचा मऊ गोळा संध्याकाळपर्यंत खडा होतो तो असा. हे रोज घडलं की गुदाशय ताणाला सरावतो आणि मग कळच नीट येत नाही.

म्हणून उठणं ४.५० ला. २५ मिनिटं झोप जाईल, त्याला इलाज नाही, रात्री लवकर आडवं व्हा. एक ग्लास पाणी, चहा आणि सोबत एक पिकलेलं केळं किंवा अर्धी वाटी पेज. मग दात, आंघोळ. ५.१५ च्या सुमाराला जाऊन बसायचं, कळ असो वा नसो. पाच ते आठ मिनिटं. नाही झालं तर उठायचं, कुंथायचं नाही. मोबाइल बाहेर. मोबाइल आत गेला की आठाची वीस मिनिटं होतात आणि तेवढा वेळ गुदद्वाराच्या शिरांवर भार पडत राहतो. मूळव्याधीला हे आमंत्रणच.

दुसरी संधी कँटीनच्या खाण्यानंतर, ९.२० ते ९.३०. त्या वेळी कळ आली तर लाइन सोडून जायचं. सुपरवायझरला काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण "घरी गेल्यावर बघू" हे म्हणायचं नाही.

पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर घड्याळातली वेळ धरून उपयोग नाही. उठल्यानंतरचं पहिलं खाणं धरा आणि त्यानंतर १५-२० मिनिटांनी बसा, मग ते पहाटे पाचला असो की दुपारी बाराला. बसायला तीन-चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही होत नाही" म्हणून सोडू नका.

आता बसण्याची पद्धत. गुदाशयाच्या मागून एक स्नायू गोफणीसारखा वळसा घालून त्याला पुढे ओढून धरतो, त्यामुळे नळीला बाक येतो. बाक आहे म्हणूनच आपण चालता-बोलता मळ धरू शकतो. उकिडवं बसल्यावर ही गोफण सैल पडते आणि वाट बरीच सरळ होते. कमोडवर काटकोनात बसलं की ती अर्धवटच सुटते, म्हणून कुंथावं लागतं. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि गुडघे साथ देत असतील तर प्रश्नच नाही. कमोड असेल तर पायाखाली १८ ते २२ सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या. बाथरूममध्ये असतं तसलं प्लास्टिकचं बुटकं स्टूल बहुधा याच मापाचं असतं. जेवायचा पाट फार बुटका पडतो. (आदोळीला, म्हणजे घरच्या विळीला, हात लावू नका, घरात भांडण होईल.) दोन्ही तळवे स्टुलावर पूर्ण टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं.

जोर लावायची पद्धतही चुकते. बहुतेक जण श्वास कोंडून, ओठ आवळून दाबतात. त्यात खालचं दारही आवळलं जातं. उलट करायचं: तोंड किंचित उघडं, पोट पुढे फुगवून कंबर रुंद झाल्यासारखी करायची आणि श्वास सोडत हळू दाब द्यायचा. दोन-तीनदा करून थांबायचं. ६८ वर्षांच्या बाईंनाही हेच सांगा. रक्तदाब असलेल्याने श्वास कोंडून कुंथणं तसंही बरं नाही. त्यांचं स्टूल १२-१५ सेंटिमीटरचं पुरे, खाली रबरी चटई आणि भिंतीला धरायला दांडा. ओल्या लादीवर स्टूल सरकलं तर बद्धकोष्ठ परवडलं म्हणायची वेळ येईल. कमरेचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

पेजेची वाटी

बोंडला_रोड यांच्या दोन्ही सूचना ऐकायला छान आहेत, पण त्यातून फारसं काही हाती लागणार नाही.

तिजण कशी होते ते आठवा. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची. खाली येतं ते सत्त्व, फडक्यात उरतो तो कोंडा. तो आपण टाकतो किंवा गुराला घालतो. म्हणजे पोटाला हवा असलेला चोथा, तुमचं फायबर, नेमका फडक्यात राहिला. तिजण थंड, पचायला हलकी, उन्हाळ्यात उत्तम, पण बद्धकोष्ठावर तिचा भरवसा धरू नका. तीच नाचणी अख्खी दळून, पीठ न चाळता भाकरी करा. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ५ ग्रॅमच्या वर चोथा मिळतो. आंबील करायची तर पीठ न गाळता करा.

पाण्याचंही तसंच. शरीरात पाणी पुरेसं असेल तर वरचे चार ग्लास मूत्रपिंडातून निघून जातात, मोठ्या आतड्यापर्यंत फार थोडं पोचतं. पाणी मळात धरून ठेवायला चोथा लागतो. चोथ्याशिवाय पाणी वाहून जातं आणि पाण्याशिवाय चोथा आतड्यात बुच होऊन बसतो. दोन्ही एकत्र वाढवायचे.

आता लिहिलेल्या खाण्याचा हिशेब करू. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. दोन मैद्याचे पाव, अडीच ग्रॅमच्या आसपास. पातळभाजी वाटाण्याची असेल तर चारेक, नुसत्या बटाट्याची असेल तर दोनही नाही. दोन वेळचं पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळाचं शीत, चार-पाच. हुमणातल्या वाटलेल्या खोबऱ्याचे एक-दोन. बांगडा शून्य, मासळीत चोथा नसतोच. खारी म्हणजे मैदा आणि तूप. सगळं मिळून बारा-तेरा. जेमतेम निम्म्यावर घोडं येतं.

हे भरून काढायला परदेशी बिया विकत घ्यायची गरज नाही.

पांढऱ्याऐवजी उकडे तांदूळ घ्या, तेही ज्यावर तांबूस पट्टे दिसतात ते. पूर्ण पॉलिश केलेले उकडे रंगाने फसवतात, चोथा मात्र गेलेला असतो. यातून दिवसाला एक-दोन ग्रॅमच वाढतील, पण सवय न मोडता. शिवाय १० वाजता वाटीभर पेज घेतली तर पाणी आपोआप पोटात जातं.

कडधान्य रोज, एका वेळी ४०-५० ग्रॅम कोरडं मापून. अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), अख्खे मूग, चणे. मुगागाठीची (मोड आलेल्या मुगाच्या उसळीची) एक चांगली भरलेली वाटी ६ ते ८ ग्रॅम देते. एवढा पल्ला इतर पदार्थांत क्वचितच. अळसांदे रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिजवा, गॅस कमी होतो.

तांबडी भाजी १०० ग्रॅम, साधारण ४-५ ग्रॅम. भेंडी तेवढीच घेतली तर ४. अष्टमीला हमखास होणारी शेवग्याच्या पाल्याची भाजी एरवी कुणी करत नाही, ती आठवड्यातून एकदा करा, पाल्यांमध्ये चोथ्याला ती वरच्या रांगेत आहे. पेरू एक मध्यम, बियांसकट, ५ ग्रॅम. केळं एक, दोन-अडीच, पण पूर्ण पिकलेलं. अर्धकच्च्या केळ्यात न पचणारं पिष्ट आणि तुरटपणा जास्त असतो, काहींना त्याने उलट घट्ट होतं. पपईची फोड चांगली, मात्र तिच्यात जादू नाही, पाणी आणि थोडा चोथा आहे इतकंच.

सगळं एकाच सोमवारी सुरू केलंत तर मंगळवारी पोट ढोलासारखं वाजेल आणि बुधवारी परत पाव. आठवड्याला साधारण ५ ग्रॅमच वाढवा. पहिल्या आठवड्यात फक्त मुगागाठी. दुसऱ्यात पेरू किंवा केळं. तिसऱ्यात रात्रीच्या शिताबरोबर पालेभाजी. महिन्याभरात २५ पर्यंत पोचाल.

पाणी दिवसाला दोन-सव्वादोन लिटर, आणि एप्रिल-मेच्या घामात शॉप फ्लोअरवर काम असेल तर तीनच्या जवळ. मोजत बसायचं नसेल तर लघवीचा रंग बघा, फिकट पिवळा हवा. कंपनीतला संडास घाण म्हणून कितीतरी जण, विशेषतः बायका, कामाच्या अख्ख्या वेळात पाणीच पीत नाहीत. हे कारण कुठल्या यादीत लिहिलेलं नसतं, पण आतड्याला ते बरोबर कळतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्यावर मर्यादा असते, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

फार्मसीच्या काउंटरवरून

चूर्णाचं चक्र समजून घ्या, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. शनिवारी रात्री रेचक घेतलं, रविवारी आतडं जवळजवळ रिकामं झालं. ते परत भरायला दोन-तीन दिवस लागणारच. सोमवार-मंगळवार काही न होणं हे बद्धकोष्ठ नव्हे, आत काही नाही म्हणून बाहेर काही नाही. पण माणूस घाबरतो आणि बुधवारी परत एक चमचा घेतो. म्हणून चूर्णानंतरचे दोन दिवस मोजायचेच नाहीत.

डब्याच्या मागचं लेबल वाचा. सोनामुखी किंवा स्वर्णपत्री किंवा कॅसिया अँगुस्टिफोलिया लिहिलं असेल तर ते आतड्याला चाबूक मारून हलवणारं रेचक आहे, ६ ते १२ तासांत काम करतं. अडीनडीला ठीक. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतलं की पोटात मुरडा, जुलाब, रक्तातलं पोटॅशियम कमी होणं, हे मागे लागतं. 'नैसर्गिक' या शब्दाने त्यात काही बदलत नाही. त्रिफळा चूर्ण वेगळं, त्यात हिरडा, बेहडा, आवळा. पण काही डब्यांवर नाव त्रिफळेचं आणि घटकांत सोनामुखी असते.

शनिवारचा डोस या शनिवारपासून बंद करायला हरकत नाही. आधार म्हणून इसबगोल घ्या. सुरुवातीला एक सपाट चहाचा चमचा, २०० ते २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, जेली व्हायची वाट बघायची नाही, आणि वर आणखी एक ग्लास पाणी. पाच दिवसांनी दोन चमचे. परिणाम १२ तासांपासून ३ दिवसांपर्यंत केव्हाही दिसतो, रातोरात नाही. कोरडी फक्की मारून वर घोटभर पाणी पिऊ नका, ती अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गिळायला त्रास असेल तर इसबगोल नकोच. घेऊन लगेच आडवं होऊ नका. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर.

बाईंच्या बाबतीत मात्र इसबगोलाच्या आधी गोळ्यांची यादी बघायला हवी. लोह आणि कॅल्शियम दोन्ही मळ घट्ट करतात. रक्तदाबाच्या गोळ्यांत वेरापामिल आणि डिल्टियाझेम त्यासाठी प्रसिद्ध, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी काढतात. त्यात ॲल्युमिनियमवालं ॲसिडिटीचं औषध, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा झोप आणणारी सर्दीची गोळी भर घालते. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. लोहाचा प्रकार बदलणं, मात्रा कमी करणं किंवा दिवसाआड देणं ते ठरवतील. स्वतःहून गोळी बंद करू नका. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा.

रोज जाऊनही साफ वाटत नाही आणि आत अर्धा तास लागतो, याचा अर्थ नेहमी चोथा कमी असा नसतो. दाब देताना खालचे स्नायू सुटायच्या ऐवजी आवळले जात असतील तर चोथा वाढवून नुसतं फुगायला होतं. पाय उंच करून आणि श्वास सोडून महिनाभरात फरक नाही पडला तर हे डॉक्टरांना सांगा, त्यावर स्नायूंचा सराव शिकवतात.

म्हाताऱ्या माणसात आणखी एक फसवं लक्षण. चार-पाच दिवस काही नाही आणि मग अचानक पातळ, कपड्यांत गळणारं. घरचे जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर आत खडा बसलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. त्या गोळीने खडा आणखी पक्का होतो.

सवयी बदलत न बसता डॉक्टरांकडे जायचं ते केव्हा: मळात रक्त, विनाकारण वजन घटणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे अचानक बदललेली सवय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. लोहाने मळ काळपट-हिरवा होतो, तो ठीक. पण डांबरासारखा चिकट, घाण वासाचा काळा असेल तर ते जठरातून किंवा आतड्याच्या वरच्या भागातून रक्त येत असण्याचं लक्षण. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, तर थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ. तेव्हा घरी एनिमा वगैरे प्रयोग नकोत.

कणेरीची फुलं

सहा वर्षांच्या मुलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पाय आवळून कोपऱ्यात उभा राहतो ते शौचाला जोर लावण्यासाठी नव्हे, धरून ठेवण्यासाठी. कधीतरी एकदा खडा होऊन दुखलं, तेव्हापासून तो धरतो. धरल्याने मोठा होतो, मोठा झाल्याने आणखी दुखतं. हे चक्र रागावून तुटत नाही. पोटात खडा जमून बसला असेल तर पेरू-पालेभाजीने तो निघणारही नाही. बालरोगतज्ज्ञ मळ मऊ ठेवणारं औषध देतात आणि ते कित्येक आठवडे, कधी महिने चालतं. दोन दिवस बरं वाटलं म्हणून घरच्यांनी थांबवलं की सगळं पहिल्यापासून.

घरी करायचं ते असं. शाळेतून आल्यावर खाणं झालं की दहा मिनिटांनी पाच मिनिटं बसवायचं, रोज, सुट्टीतही. कमोड असेल तर वर लहान मुलांची बैठक आणि खाली स्टूल. पाय लोंबकळत असले की मूल पडायच्या भीतीने अंग आवळून बसतं, आणि आवळलेल्या अंगाने काही होत नाही. फुगा फुगवायला द्या किंवा हातावर फुंकर मारायला सांगा, पोटाचा दाब आपोआप बरोबर पडतो. बसल्याबद्दल शाबासकी द्यायची, झाल्याबद्दल नव्हे.

दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त होत असेल तर कमी करा, दुधाने पोट भरलं की मूल जेवत नाही. चोथ्याचा ढोबळ हिशेब: वयात ५ मिळवायचे, म्हणजे याला ११ ग्रॅम. एक छोटा पेरू, अर्धी वाटी अळसांदे, थोडी भेंडी, संपलं. इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि शाळेत एकदा जाऊन तो संडास बघून या. कडी लागत नसेल, पाणी नसेल किंवा मधल्या सुट्टीतच जायची परवानगी असेल, तर दोष मुलाचा नाही. बाईंशी बोलून 'मागेल तेव्हा सोडा' एवढं ठरवून घेतलं तरी पुष्कळ.

साखळीकर_७

सर्वांचे आभार. दोन प्रश्न उरले. कँटीनमध्ये पावाऐवजी पोई (कोंड्याचा गोवेकर पाव) मिळू शकते, ती घेतली तर चालेल ना? आणि श्रावणी सोमवारी दिवसभर साबुदाण्याची खिचडी असते, तेव्हा काय करायचं?

पेजेची वाटी

पोई फोडून आत बघा. खरी पोई आत तपकिरी, किंचित खरखरीत, कोंड्याचे ठिपके असलेली असते आणि हातात पावापेक्षा जड लागते. आतून पांढरीशुभ्र, कापसासारखी असेल तर तो मैद्याचाच पाव, वर कोंडा भुरभुरलेला. त्या भुरभुरीतून काही मिळत नाही. पोदेराला (पाववाल्याला) सरळ विचारा, पिठात गव्हाचं किती आणि मैदा किती. खऱ्या दोन पोयांतून सहा-सात ग्रॅम धरायला हरकत नाही.

साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, चोथा नगण्य. खिचडीतले शेंगदाणे तेवढे कामाचे, ते मूठभर वाढवा. खिचडी एकाच वेळेला, दुसऱ्या वेळी उकडलेलं रताळं सालीसकट आणि एक पेरू. उपवासाला इसबगोल चालतं, पण दोन ग्लास पाण्याची अट तीच. निर्जळी असेल तर त्या दिवशी इसबगोल घेऊ नका.